शॉकअप नंतर, आधी टायर

सायकलच्या दुकानात शिरलेला माणूस सगळ्यात आधी काय करतो, तर हँडलवर दोन्ही हातांनी भार टाकून पुढचा शॉकअप दाबून बघतो. तो दबला आणि वर आला की समाधानाने मान हलवतो. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून दहा-पंधरा हजारांच्या सायकलीलाही पुढे जाडजूड शॉकअप, चाकात डिस्क आणि फ्रेमवर '२१ स्पीड'चा स्टिकर असतोच. गंजाड, आशागड, कासा, तलासरी या पट्ट्यात चालवायला माउंटन बाइक घेणाऱ्याला माझं सांगणं नेमकं उलटं आहे. आधी टायर बघा, मग ब्रेक, मग मागचं हब. शॉकअप सगळ्यात शेवटी. आणि पैसे बेताचे असतील तर शॉकअप नसलेली सायकल घ्यायला अजिबात लाजू नका.

असं का, ते इथल्या रस्त्यांवरूनच कळतं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं गाव म्हणून बाहेरच्या लोकांना गंजाड ठाऊक असतं. वारली चित्रं बघायला येणारी मंडळी डहाणूहून डांबरी रस्त्याने येतात आणि त्याच रस्त्याने परत जातात. पण हा डांबरी रस्ता सोडून एखाद्या पाड्याकडे वळा. थोड्याच अंतरात डांबर उखडून खडी वर येते, मग मुरूम लागतो, मग गाडीवाटेच्या दोन चाकोऱ्या आणि शेवटी भाताच्या खाचरांमधली पायवाट. मध्ये एखादा ओढा, त्यावर फरशी, फरशीवर शेवाळ. चढ अंगावर येणारे नाहीत, पण लांबत जातात. उतारावर सुटा मुरूम असतो आणि वळणावर तोच दगा देतो. अशा वाटेवर सायकलला हवी असते पकड, भरवशाचा ब्रेक आणि हलका गिअर. दोन-दोन फुटांच्या उड्या मारायला इथे कोणी जात नाही. उड्यांसाठी बनवलेल्या १५०-१६० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या, म्हणजे शॉकअप तेवढा दबणाऱ्या, सायकली चित्रफितीत बघायला छान वाटतात. इथल्या चढावर त्या ढकलाव्या लागतात.

शॉकअपशिवाय माउंटन बाइक कसली, असं कोणी म्हणालं तर त्याला या खेळाचा इतिहास सांगावा. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७० च्या दशकात काही पोरं जाड टायरच्या जुन्या भंगार सायकली डोंगरावर नेऊन खाली पिटाळत. १९७६ मध्ये तिथे ज्या उतारावर शर्यती सुरू झाल्या त्याचं नावच 'रिपॅक' पडलं, कारण एका उतरणीत मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि ते नव्याने भरावं लागायचं. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टंपजंपर' बाजारात आली, तिलाही शॉकअप नव्हता. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला शॉकअपवाला फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, आला तो १९८९ च्या सुमारास. म्हणजे दहा वर्षांहून जास्त काळ हा खेळ टायरच्या हवेवर आणि कोपराच्या लवचीकतेवर चालला.

आता स्वस्तातल्या शॉकअपमध्ये काय असतं ते बघू. शॉकअपची कामं दोन. धक्का खायचा, हे स्प्रिंगचं काम. खाल्लेला धक्का सावकाश परत सोडायचा, हे डँपिंगचं काम. त्यासाठी आत तेल आणि त्यातून वाट काढणारा पिस्टन लागतो. स्वस्त शॉकअपमध्ये एक स्प्रिंग असते, कधी जोडीला रबराचा तुकडा, आणि डँपिंगच्या नावाने शून्य. वरच्या टोकाला गोल बटण असतं, त्यावर अधिक-उणे लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकाला वाटतं, याने शॉकअप मऊ-कडक होतो. ते प्रीलोड असतं. त्याने स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, तिचा मूळ कडकपणा बदलत नाही. परीक्षा सोपी आहे. पुढचा ब्रेक दाबून धरा, हँडलवर छाती टेकेल इतका भार द्या आणि एकदम सोडा. शॉकअप खटकन वर येऊन ठोका दिला, तर आत डँपिंग नाही असं समजा. खडीवर उतरताना तो पुढचं चाक जमिनीला धरून ठेवण्याऐवजी उडवतो, आणि उडालेल्या चाकाला ना वळण असतं ना ब्रेक. शिवाय वजन. असा फोर्क अडीच किलोच्या आसपास भरतो. साधा सरळ फोर्क त्याच्या निम्म्यात बसतो.

मधल्या नळीखालीही स्प्रिंग असलेली 'डबल शॉकअप'ची स्वस्त सायकल तर घेऊच नका. पायडल मारलं की ती डुलते, तुमचा जोर रस्त्याऐवजी स्प्रिंगमध्ये जिरतो, आणि सांध्यांतले बुश वर्षभरात खुळखुळायला लागतात. चांगली फुल सस्पेंशन सायकल ही वेगळी जात आहे, तिची किंमत लाखाच्या पुढे धावते. त्या दोन्हींच्या मध्ये जे काही मिळतं ते दिखाऊ.

तर मग शॉकअपचे वाचलेले पैसे कुठे घालायचे? टायरमध्ये. बहुतेक नव्या सायकलींना १.९५ किंवा २.१ इंची टायर येतात, रबर कडक आणि गाठी बुटक्या. फ्रेममध्ये जागा असेल तर २.२ ते २.३५ इंचाचे, पुढच्या चाकाला जरा ठळक गाठींचे टायर घाला. जागा मात्र बोटाने मोजून बघा: टायर आणि फोर्कची कमान यांच्यात निदान करंगळी आरामात फिरायला हवी. जुलैत खाचरांकडेचा चिखल टायरला थापला जातो, वर वाळलं गवत चिकटतं आणि कमानीत तो लगदा असा अडकतो की चाक फिरतच नाही. मग काठी शोधायची, खरवडायचं, पन्नास पावलं जायचं, परत खरवडायचं.

टायरइतकीच हवा महत्त्वाची. पंक्चरवाला अंगठ्याने टायर दाबून बघतो आणि दगडासारखा झाला की 'झाली' म्हणतो. गॅरेजच्या कॉम्प्रेसरवर काटा पन्नास-साठच्या पुढे गेलेला असतो. डांबरी रस्त्यावर ठीक. मुरुमावर अशी सायकल थरथरत, घसरत जाते. सत्तर किलोच्या आसपासच्या माणसाने सव्वादोन इंची टायरमध्ये ट्यूब असताना पुढे २८ ते ३०, मागे ३२ ते ३५ पीएसआय ठेवून बघावं. टायरच्या कडेवर किमान-कमाल आकडे छापलेले असतात, त्यांच्या आत राहा. त्याहून खूप कमी केलं तर दगडावर आपटून रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते, आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. काटा असलेला पायपंप घरी ठेवला तर पैसे वसूल होतात. शॉकअपवर हजारो रुपये घालून जो आराम मिळत नाही तो हवा दहा पॉइंट कमी केल्याने फुकट मिळतो.

व्हॉल्व्हचंही बघून घ्या. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कोणत्याही गॅरेजात हवा भरता येते. बारीक व्हॉल्व्ह असेल तर छोटं पितळी अडॅप्टर सायकलवर कायम बांधून ठेवा. चाकाच्या मापाचंही तसंच. २६ इंची ट्यूब कुठल्याही नाक्यावर मिळेल. साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंचीची खात्री नाही. मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं, हे खरंच आहे, आणि उंच माणसाने एकोणतीसच घ्यावं. पण मग दोन ट्यूब, टायर उघडायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि हातपंप सोबत हवाच. बोरीचा काटा तुमच्या चाकाचं माप विचारून घुसत नाही. ट्यूबलेस करून आत सीलंट टाकलं तर काट्यांचा त्रास पुष्कळ कमी होतो. उन्हाळ्यात ते आत वाळतं, दर दोन-तीन महिन्यांनी भर घालावी लागते.

ब्रेकबद्दल फार बोलायला नको. पावसात चालवणार असाल तर डिस्क घ्या. चिखलात रिम-ब्रेकचे रबर वाळूसकट रिमच खरवडून काढतात. हायड्रॉलिक परवडला तर उत्तम, शिमानोचा एमटी२०० सारखा साधा संच वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. केबलचा डिस्क ब्रेक घेतलात तर केबल आणि तिचं आवरण चांगलं असू द्या, आणि पॅड झिजले की स्क्रूने जवळ घ्यायला शिका. दुकानातून नवी सायकल आणली की रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगातून वीस-पंचवीसदा हळूहळू ब्रेक लावून पॅड रुळवून घ्या. आणि हायड्रॉलिक असेल तर त्यात कोणतं तेल आहे हे बिलावर लिहून घ्या. शिमानोमध्ये मिनरल ऑइल जातं; मोटरसायकलचं ब्रेक ऑइल त्यात ओतलं की आतली रबरी सीलं फुगून निकामी होतात. पुढचा ब्रेक उजव्या हाताला आहे की डाव्या, हे सायकलीगणिक बदलतं. चालवण्याआधी दाबून बघा.

मागच्या हबबद्दल मात्र कोणीच विचारत नाही, आणि इथे खरा फरक पडतो. सात गिअरच्या स्वस्त सायकलींत दातेरी चक्रांचा गठ्ठा हबवर आट्यांनी बसवलेला असतो. त्याला फ्रीव्हील म्हणतात. यात उजव्या बाजूचे छर्रे गठ्ठ्याच्या आतल्या अंगाला राहतात, त्यामुळे अ‍ॅक्सलचा बराच भाग आधाराविना लोंबकळतो. माणूस जड असेल, मागे कॅरियरवर गोणी असेल, वाट खडीची असेल, तर हा अ‍ॅक्सल वाकतो आणि एखाद दिवशी मोडतो. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे पार कडेला असतात, त्यामुळे ते दुखणंच नाही. दुकानात ओळखायचं कसं? मागचं चाक उचला आणि चक्रं उलट दिशेने फिरवा. सगळ्यात लहान चक्राच्या आतली खाचांची चकती चक्रांबरोबर फिरली तर कॅसेट. चक्रं फिरतात आणि मधला खाचांचा भाग जागच्या जागी राहतो, तर फ्रीव्हील. एवढं केलंत की दुकानदार तुमच्याशी जरा जपून बोलायला लागतो. डबल वॉल रिम आणि स्टेनलेसचे आरे हेही याच वेळी विचारून घ्या.

गिअर किती, यापेक्षा सगळ्यात हलका गिअर किती हलका, हा प्रश्न. पुढच्या सगळ्यात लहान चक्राचे दाते मोजा, त्यांना मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राच्या दात्यांनी भागा. आकडा जितका छोटा तितका चढ सोपा. '२१ स्पीड'मध्ये पुढे २४ आणि मागे २८ असेल तर उत्तर येतं ०.८६. पुढे एकच ३२ चं चक्र आणि मागे ११-५१ ची कॅसेट असलेल्या सायकलीत येतं ०.६३. स्टिकरवरचा आकडा २१ वरून ११ वर आला तरी गुडघे दुसरीलाच आशीर्वाद देतील. पुढे एकच चक्र असलं की पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) जातो, एक केबल जाते, एक शिफ्टर जातो; चिखलात बिघडणाऱ्या तीन गोष्टी कमी. शिमानोच्या उतरंडीत टूर्नीच्या वर आल्टस, असेरा, अलिव्हिओ आणि मग देओरे असा क्रम लोकांच्या तोंडी आहे; २०२३ पासून 'क्यूज' या नावाने यातले खालचे बरेच संच एकत्र येत आहेत. मायक्रोशिफ्ट कंपनीचा अ‍ॅडव्हेंटही चांगला. जाहिरातीत मागचा डिरेलर वरच्या दर्जाचा दाखवून शिफ्टर, चेन आणि क्रँक खालच्या दर्जाचे लावण्याची पद्धत आहे. यादी पूर्ण वाचा.

आता ज्यांचं बजेट तीस-चाळीस हजारांच्या पुढे आहे आणि ज्यांना चांगला शॉकअप हवाच आहे, त्यांच्यासाठी. पुढे शॉकअप, मागे काही नाही, अशी हार्डटेल घ्या. ट्रॅव्हल १०० ते १२० मिलिमीटर. फोर्क हवेचा, म्हणजे आत स्प्रिंगच्या जागी दाबलेली हवा असलेला घ्या. एसआर सनटूरचा रेडॉन, रॉकशॉक्सचा ज्युडी किंवा रेकॉन, मॅनिटूचा मार्खोर ही या गटातली नावं. हवेच्या फोर्कचा मोठा फायदा असा की पंचावन्न किलोची शिक्षिका आणि नव्वद किलोचा ठेकेदार दोघांनाही तो आपल्या वजनाला जुळवून घेता येतो. त्यासाठी वेगळा शॉकपंप लागतो; साध्या पंपाने भरायला जाल तर मोजमाप हुकतं.

जुळवायचं कसं ते नीट सांगतो, कारण सायकल देताना हे क्वचितच कोणी करून देतं. फोर्कच्या चकचकीत दांड्यावर एक बारीक रबरी कडं असतं. नसेल तर प्लॅस्टिकची टायपट्टी सैल बांधा. लॉकआउट, म्हणजे फोर्क अडवून ठेवणारी कळ, उघडा. पाणी, पिशवी, हेल्मेट, जे नेहमी अंगावर असतं ते सगळं घेऊन भिंतीला टेकून सायकलवर बसा, न हलता. कोणाला तरी कडं खाली सीलपर्यंत सरकवायला सांगा. मग अलगद उतरा आणि सीलपासून कडं किती वर राहिलं ते पट्टीने मोजा. १०० मिलिमीटरच्या फोर्कवर ते २० ते २५ मिलिमीटर असायला हवं. जास्त आलं तर हवा भरा, कमी आलं तर सोडा, पाच-पाच पॉइंटनेच. त्यानंतर खालच्या टोकाचं रिबाउंडचं बटण. पायरीएवढ्या उंचीवरून, सायकलवर बसूनच, ती खाली उतरवा. फोर्क एकदा दबून वर येऊन थांबला तर बरोबर. दोन-तीनदा उसळला तर एक खटका सावकाश बाजूला फिरवा. पुढचे आठ दिवस चालवून झाल्यावर कडं कुठवर जातं ते बघा. कधीच वरच्या टोकाजवळ पोचत नसेल तर तुम्ही घेतलेल्या ट्रॅव्हलचा काही भाग नुसता मिरवताय.

या फोर्कला निगा लागते. रॉकशॉक्स सांगतं, दर ५० तासांच्या वापरानंतर खालचे पाय उघडून तेल आणि सील साफ करा, आणि २०० तासांनी आतलं पूर्ण काम करा. इथला मुरूम उन्हाळ्यात पिठासारखा उडतो, पावसाळ्यात सीलपाशी लेप होऊन बसतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर दांडे ओल्या फडक्याने पुसा. त्यावर कोरडं बोट फिरवून ओरखडा लागतो का बघा; ओरखडा सील कापतो, आणि मग हवा टिकत नाही. हवेचा फोर्क उघडणारा कारागीर कुठे आहे, हे सायकल घेण्याआधी शोधा. गावातला मिस्त्री चाकाचा आउट काढेल, छर्रे बदलेल, चेन जोडेल, आणि ही कामं तो शहरातल्या दुकानापेक्षा बरी करेल; पण हवेचा फोर्क हे त्याचं काम नाही.

एक गोष्ट फ्रेम घेतानाच बघायची. हँडलखालची उभी नळी वर-खाली सारखीच जाड आहे की खाली फुगीर? आजचे चांगले फोर्क बहुतेक फुगीर, म्हणजे टेपर्ड नळीसाठीच बनतात, आणि त्यांना चाक बसतं ते १५ मिलिमीटरच्या थ्रू अ‍ॅक्सलने. सरळ नळीची फ्रेम घेतलीत तर 'पुढे चांगला शॉकअप टाकू' हा बेत बहुधा कागदावरच राहतो. आणि टाकायचाच झाला तर मूळच्याच ट्रॅव्हलचा, फार तर वीस मिलिमीटर जास्त. शंभरच्या फ्रेमला दीडशेचा फोर्क जोडला की सायकलचं तोंड वर उचललं जातं, चढावर पुढचं चाक भरकटतं आणि वेल्डिंगवर भलता ताण येतो.

माप. मुलगा वाढतोय म्हणून दोन माप मोठी सायकल घ्यायची आपली जुनी सवय आहे. शर्टाला चालते, सायकलला नाही. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहिल्यावर आडव्या नळीपासून दोन इंच तरी अंतर हवं.

किमतीबद्दल दोन शब्द. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या छापील किमतीवर कोणी अडून बसला तर विचारायचा तुम्हाला हक्क आहे. जुनी सायकल हा त्याहून चांगला मार्ग. २०२० च्या टाळेबंदीनंतर मुंबई-ठाण्यात हौसेने घेतलेल्या कितीतरी चांगल्या सायकली इमारतींच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडल्या, त्या अजूनही विकायला निघतात. बघायला जाताना फूटपट्टी न्या. चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून बारा इंच मोजा. तिथे बरोबर पिन यायला हवी. दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदलावी लागेल, तीन मिलिमीटर गेली तर कॅसेटही, आणि तेवढे पैसे भावातून कमी करा. हँडल आणि सीटच्या नळ्यांचे सांधे कापडाने पुसून उजेडात बघा. रंगात केसाएवढी रेघ दिसली तर चहा पिऊन परत या.

बोर्डीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या वाळूत सायकल पिटाळायचा मोह सगळ्यांना होतो. जा, पण घरी आल्या आल्या गोड्या पाण्याने धुवा, तेही जोराच्या फवाऱ्याने नाही, तांब्याने, नाहीतर पाणी छर्‍यांच्या आत शिरतं. मग चेन पुसून, वाळवून, प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल. ग्रीस नको, त्याला मुरूम चिकटतो.

वाटांचं म्हणाल तर धरणं, कालवे आणि बारडाच्या डोंगराच्या पायथ्याचे रस्ते शिकायला चांगले. महामार्गावर सरावाला जाऊ नका. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गाच्या टप्प्यांच्या नावात गंजाड आहे, पण तो सायकलसाठी नाही. भात उभा असताना बांधावरून चाक घालू नका. बांध खचला तर खाचरातलं पाणी फुटतं. पाड्यातून जाताना वेग कमी करा, कोंबड्या आणि लहान मुलं दोन्ही अचानक पळतात. वाट विचारायला थांबलात तर सायकल बाजूला उभी करून विचारा. बहुतेक वेळा तुम्ही ज्या वाटेला निघालात तिच्याहून चांगली वाट कळते.

नवी सायकल पहिल्या महिन्याभरात परत मिस्त्रीकडे न्यायचीच. नवे आरे बसता बसता सैल पडतात, केबल ताणल्या जातात, क्रँकचा बोल्ट ढिला होतो. दुकान पहिली सर्व्हिस फुकट देत असेल तर ती सोडू नका, आणि तिथे उभं राहून करून घ्या. फ्रेमखाली, पायडलच्या नळीवर कोरलेल्या नंबरचा मोबाइलमध्ये फोटो काढून बिलासोबत ठेवा.